केलापा गाडिंगमधले घर: भिंतीवरची रेघ आणि कागदावरचे नाव

आमच्या शेजारच्या घराचा पुढचा दरवाजा जेमतेम साडेपाच फूट उंच आहे. घर बांधले तेव्हा तो सात फुटांचा होता. 2002 च्या पुरानंतर घरातली जमीन एक वीत भरून घेतली, 2007 नंतर आणखी एक वीत, आणि दोन्ही वेळा दरवाजा खालून कापला. माझा नवरा त्या घरात वाकूनच शिरतो. तिथल्या सत्तरीच्या बाईंना सगळी गल्ली चीची म्हणते. चिनी वंशाच्या घरांत थोरल्या बहिणीला अशी हाक मारतात. आम्ही 2016 मध्ये जकार्ताला आलो तेव्हा घर दाखवणाऱ्या दलालाने सगळ्या खोल्या दाखवल्या, पाण्याची टाकी दाखवली, पण या दरवाज्याबद्दल तो काही बोलला नाही. मी चिपळूणची. मला तो दरवाजा पहिल्याच दिवशी दिसला होता.

2023 च्या मार्चमध्ये आमच्या घरमालकांनी विचारले, "घर विकायचे ठरवले आहे, तुम्हीच घेता का?" किंमत 260 कोटी रुपिया. त्या वर्षी एका भारतीय रुपयाला साधारण 185 रुपिया मिळत, म्हणजे जवळपास 1 कोटी 40 लाख रुपये. इथली बचत आणि पुण्यातला एक फ्लॅट विकून येणारे पैसे मिळून एवढी रक्कम उभी राहत होती. उत्तर द्यायला दोन महिने होते. ते दोन महिने आम्ही कसे घालवले आणि काय ठरवले, ते इथे सविस्तर लिहिते. परदेशात काही वर्षे काढलेल्या अनेक मराठी घरांत हाच प्रश्न कधी ना कधी येतो, आणि त्यावर ऐकायला मिळणारे सल्ले बहुधा ज्याने विकत घ्यायचे ठरवून टाकलेले असते त्याचेच असतात.

आधी जागेविषयी. केलापा म्हणजे नारळ आणि गाडिंग म्हणजे हस्तिदंत. पिवळसर सालीच्या नारळाच्या एका जातीचे हे नाव. इथल्या रस्त्यांनाही नारळांचीच नावे आहेत: केलापा हिब्रिदा, केलापा कोप्योर. कोप्योर म्हणजे आत खोबरे सुटून भुसभुशीत झालेला नारळ, त्याचे थंड सरबत मिळते. कोकणातल्या माणसाला पत्ता सांगतानाच बरे वाटावे अशी वस्ती. उत्तर जकार्तातला हा एक तालुका, त्यात तीनच प्रभाग. इथे पूर्वी दलदल आणि भातखाचरे होती. 1975 मध्ये स्थापन झालेल्या सुमारेकोन या बांधकाम कंपनीने इथल्याच 10 हेक्टर दलदलीपासून सुरुवात केली. 1990 मध्ये मॉल उघडला आणि त्याच्या भोवती गाव वाढत गेले. आज बुलेवार्ड रस्त्यावर उभे राहिले की शेवयांची दुकाने, दवाखाने, शिकवण्या, बँका आणि चर्च एकाला एक लागून दिसतात. खाली दुकान आणि वर घर अशा इमारतीला इथे रुको म्हणतात. अशा रुकोंच्या रांगाच्या रांगा आहेत.

राहायला ही जागा उत्तम आहे, आणि हे मी मनापासून लिहिते. नवऱ्याचा कारखाना पुलोगादुंगच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे दक्षिणेला अगदी हाकेच्या अंतरावर. मुलीची शाळा केमायोरानला, जिथे 1985 पर्यंत शहराचा जुना विमानतळ होता. डाळी, हिंग, पोहे आणायला पासार बारूला जायचे. तिथे सिंधी आणि पंजाबी कापड व्यापाऱ्यांची जुनी पेढी-दुकाने आहेत, गुरुद्वारा आहे, हिंदीत घासाघीस करता येते. भाजी आणि मासळी पासार मांदिरीतून. ओले खोबरे तिथे समोर खवून देतात, त्यामुळे माझे सोलकढीचे दिवस इथे कधी अडले नाहीत.

डिसेंबर 2019 पासून एलआरटी, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, सुरू झाली. पेगांगसाआन दुआ ते वेलोड्रोम, 5.8 किलोमीटर, सहा स्थानके, तिकीट 5,000 रुपिया. लांबी कमी आहे, पण वेलोड्रोमला उतरून ट्रान्सजकार्ता बस मिळते आणि त्या बसचे तिकीट 3,500 रुपिया. पुढे मांगाराई जंक्शनपर्यंत 6.4 किलोमीटरच्या वाढीव मार्गाचे काम ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाले. आमचा निर्णय त्याच्या आधीचा, पण दलालांच्या बोलण्यात मांगाराई तेव्हाही रोज यायचे.

आणि शेजार. प्रत्येक गल्लीचा एक निवडलेला प्रमुख असतो, त्याला पाक एर्ते म्हणतात. एर्ते म्हणजे रुकुन तेतांगा, शेजाऱ्यांचा एकोपा. अशा काही एर्ते मिळून रुकुन वार्गा होते. वार्गा हा आपलाच वर्ग. जपानी ताब्याच्या काळात ही रचना रुजली आणि टिकली. रखवालदार, कचरा, गटार यांची वर्गणी पाक एर्ते गोळा करतात. परदेशी कुटुंब आले की त्यांच्याकडे नोंद करायची. घर घेणाऱ्याने वकिलाच्या आधी त्यांच्याकडे जावे असे माझे मत आहे. कोणत्या घराचा वाद चालू आहे, कोणत्या गटाराचा उतार उलटा आहे, हे कोणत्याही नकाशात नसते, ते पाक एर्तेंच्या ओसरीवर कळते.

1 जानेवारी 2020 ची पहाट. आदल्या संध्याकाळपासून पाऊस थांबलाच नव्हता. हालिम विमानतळावर त्या एका दिवसात 377 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला पडलेले 944 मिलिमीटर ज्याला आठवतात, त्याला हा आकडा लहान वाटेल. मलाही रात्री तसेच वाटले होते. पण मुंबईचे पाणी भरतीची वाट पाहून का होईना, समुद्रात उतरते. केलापा गाडिंग बशीसारखे आहे. भोवतालचे मोठे रस्ते उंच, मध्ये वस्ती खोल, आणि आतले पाणी पंपाने उपसून सुंतर नदीत किंवा कालव्यात टाकावे लागते. नदीच भरलेली असली की पंप कुठे टाकणार? सकाळी सात वाजता गल्लीत गुडघाभर पाणी होते, आमच्या घरात वीतभर. वीज कंपनीने पुरवठा बंद केला होता, आणि तो करायलाच हवा होता. आम्ही गाद्या आणि तांदळाची पोती वरच्या मजल्यावर नेली. दुपारी पाक एर्तेंची माणसे रबरी होडीतून भात आणि उकडलेली अंडी देऊन गेली. चीचीच्या घरात पाणी शिरले नाही. दोन विती भर घातल्याचे त्या दिवशी सार्थक झाले. दरवाज्यात उभी राहून ती आमच्या मुलीला हाका मारत होती, "इकडे ये, इथे कोरडे आहे."

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, गल्लीत पुन्हा पाणी आले. त्याआधी 2002, 2007, 2015 ही वर्षे इथल्या प्रत्येकाच्या तोंडात आहेत, जशी आमच्याकडे 2005 आणि 2021. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी माझ्या माहेरी माळ्याला लागले तेव्हा मी जकार्तातून फोन लावत बसले होते आणि फोन लागत नव्हता. त्यामुळे घर घ्यायचे म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न किमतीचा नव्हताच.

या शहरात पुराच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे, जमीन खचण्याची. 1982 ते 2010 या काळातल्या मोजमापांत जकार्तात वर्षाला 1 ते 15 सेंटिमीटर खचण्याचे प्रमाण आढळले, काही मोजक्या ठिकाणी त्याहून अधिक. सगळ्यात वाईट स्थिती किनाऱ्यालगतच्या मुआरा बारू, प्लुइत या भागांची. नद्यांनी आणून टाकलेला तरुण गाळ आपल्याच वजनाने दबतो, वर इमारतींचा भार येतो, आणि मुख्य म्हणजे नळाचे पाणी पुरेसे नसल्याने लोक आणि इमारती कूपनलिकेतून पाणी उपसत राहतात. पाणीपुरवठा 1998 पासून 25 वर्षे दोन खासगी कंपन्यांकडे होता. फेब्रुवारी 2023 मध्ये तो शहराच्या पाम जाया या कंपनीकडे परत आला. ठरवून दिलेल्या भागांत मोठ्या इमारतींना भूजल वापरायला ऑगस्ट 2023 पासून बंदी झाली. म्हणून जकार्तात घर पाहताना मी एक प्रश्न आवर्जून विचारते: पाणी नळाचे की जमिनीखालचे? आमच्या गल्लीत नळ आहे, पण निम्म्या घरांत जुनी कूपनलिकाही चालू आहे. रस्ता दर काही वर्षांनी डांबर चढवून उंच होतो आणि घरे आपोआप खाली जातात. आमचा उंबरा रस्त्याच्या चार बोटे खाली आहे, हे मी टेप लावून मोजले.

एवढे कळूनही घर घ्यावेसे वाटत होते. मुलगी इथेच मोठी झाली. आणि भाडे म्हणजे वाया गेलेले पैसे, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. मी पुण्यात लेखापरीक्षकाच्या कार्यालयात काम केलेले, तेव्हा वही काढली.

आम्ही वर्षाला 8 कोटी रुपिया भाडे देत होतो, तेही इथल्या रीतीप्रमाणे वर्षाचे एकदम, आगाऊ. 260 कोटींच्या घराला 8 कोटी भाडे म्हणजे 3 टक्क्यांच्या आसपास. त्यातून मालकाच्या वाट्याला भाड्यावरचा 10 टक्के कर, जमीन-इमारतीचा वार्षिक कर आणि डागडुजी. या वार्षिक कराच्या नावात बूमी हा शब्द आहे, म्हणजे आपली भूमी. हे पाहून मला दर वेळी गंमत वाटते. विकत घ्यायचे तर घेणाऱ्याला सवलतीची ठरलेली रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवर 5 टक्के हस्तांतर कर, पुढे विकताना विकणाऱ्याला 2.5 टक्के, शिवाय खरेदीखताचा खर्च. आम्ही जे भाडे वाया जाते असे म्हणत होतो, ते मालकाच्या पैशावरचे अगदी मामुली व्याज होते. आकड्यांनी तिथेच अर्धा निकाल दिला.

उरलेला अर्धा कागदाने दिला. इंडोनेशियात जमिनीचे हक्क 1960 च्या मूलभूत भूमी कायद्याने ठरतात. पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. बांधकामाचा हक्क, हाक गुना बांगुनान, नागरिकाला किंवा तिथे नोंदलेल्या संस्थेला. देशात राहणाऱ्या परदेशी माणसाला मिळतो तो वापरण्याचा हक्क, हाक पाकाई. 2021 च्या नियमांनुसार तो घरासाठी 30 वर्षे, मग 20, मग पुन्हा 30 असा मिळू शकतो. ऐकायला 80 वर्षे भरपूर वाटतात. पण परदेशी माणसासाठी किमान किंमत ठरवून दिलेली आहे: 2022 च्या आदेशानुसार जकार्तात स्वतंत्र घर 5 अब्ज रुपियांच्या खाली घेता येत नाही आणि फ्लॅट 3 अब्जांच्या खाली. आमचे घर 260 कोटींचे, म्हणजे 2.6 अब्जांचे. म्हणजे कायद्याच्या दाराशीच आम्ही अडलो. शिवाय राहण्याचा परवाना संपून देश सोडला की एका वर्षात तो हक्क पात्र माणसाकडे द्यावा लागतो. नवऱ्याची नोकरी गेली तर घर विकायची घाई आमच्यामागे लागणार, आणि घाईने विकणाऱ्याला भाव काय मिळतो हे सांगायला नको.

यावर दलालाकडे तोडगा तयार होता. त्याला इथे पिंजाम नामा म्हणतात, उसने नाव. घर आमच्या गाडीच्या चालकाच्या नावावर घ्यायचे. त्याच्याकडून कर्जखत लिहून घ्यायचे, रद्द न होणारे मुखत्यारपत्र घ्यायचे, घर आमच्याकडे गहाण दाखवायचे. "सगळेच करतात," तो म्हणाला. आम्ही जमिनीची खरेदीखते करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. इथे त्या पदाला पेपेआते म्हणतात. या बाईंनी त्या कायद्याचे 26 वे कलम काढून आमच्यापुढे ठेवले आणि बोट ठेवून सावकाश वाचले. हक्क सरळ किंवा आडमार्गाने परदेशी माणसाकडे जावा यासाठी केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मग त्यांनी वर पाहिले. इथे बाईंना बू म्हणतात. "बू, चालक चांगला माणूस आहे?" मी म्हटले, अगदी चांगला. "त्याची बायको? मुले? उद्या तो गेला तर वारस?" मला उत्तर देता आले नाही. खरे तर मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटत होती. महिना पगारावर जगणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावर आम्ही 260 कोटींचे खोटे कर्ज लिहायला निघालो होतो, आणि दोन दिवस तो आम्हाला व्यवहारी विचार वाटत होता.

कंपनी काढून घर घेण्याचा मार्ग आहे, पण परदेशी भांडवलाच्या कंपनीला जमीन आणि इमारत सोडून 10 अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीची अट. धंदा करणाऱ्याने तो विचार करावा, राहायला घर हवे असणाऱ्याने नाही.

मग फ्लॅट पाहिले. 3.2 अब्जांचा, 95 चौरस मीटरचा, एका उंच इमारतीत विसाव्या मजल्यावर. खिडकीतून तांजुंग प्रियोक बंदराच्या क्रेन दिसत होत्या. पुण्याचा फ्लॅट विकूनही कर्ज लागले असते आणि विचारलेल्या दोन्ही बँकांनी परदेशी अर्जदाराला नाही म्हटले. तरी हिशेब केला. भाड्याने दिला तर वर्षात एक महिना रिकामा धरून भाडे 12.8 कोटी. त्यातून कर 1.3 कोटी, इमारतीची देखभाल वर्गणी 2.3 कोटी, दुरुस्ती 70 लाख. हाती 8.5 कोटी. हस्तांतर करासह गुंतलेले पैसे 336 कोटी. अडीच टक्के. त्या इमारतीची जमीन बांधकाम हक्कावरची होती आणि तो हक्क संपायला थोडीच वर्षे उरली होती. वाढवून घ्यायचे काम सगळ्या सदनिकाधारकांच्या संघाने मिळून करायचे, आणि तो संघ बांधकाम कंपनीशी भांडत होता. शिवाय परदेशी माणसाला कोणत्या भागातल्या इमारतीत फ्लॅट घेता येतो, हेही नियमच ठरवतात. विसाव्या मजल्यावर पाणी येत नाही, हे खरे. पण 2020 ला तळघरातल्या वीजखोलीत पाणी शिरून दिवसेंदिवस काळोखात राहिलेल्या इमारती आम्ही पाहिल्या होत्या. वीस मजले चढून पाण्याच्या बाटल्या नेणारे शेजारीही.

भाव वाढतील या आशेचे काय? 2019 मध्ये देशाची राजधानी जकार्ताहून बोर्निओ बेटावरच्या कालिमांतानला नेण्याची घोषणा झाली, तेव्हापासून जकार्ताचे दर कोसळतील असे सांगणारे आहेत आणि एलआरटीमुळे चढतील असे सांगणारेही. केलापा गाडिंगचे पोट मंत्रालयांवर नाही, व्यापार, बंदर आणि कारखान्यांवर आहे, म्हणून राजधानीची मला फारशी भीती वाटली नाही. मला भीती वाटली चलनाची. 1997-98 मध्ये इथला रुपिया डॉलरला 2,400 वरून 15,000 च्याही पलीकडे गेला. चीची ते वर्ष सांगते तेव्हा आवाज खाली आणते, कारण मे 1998 मध्ये चिनी वंशाच्या लोकांविरुद्ध झालेल्या दंगलीत तिच्या भावाचे दुकान जळाले. आमचे म्हातारपण पुण्यात किंवा चिपळुणात जायचे, खर्च भारतीय रुपयात व्हायचा. तिथल्या गरजेचे सगळे पैसे इथल्या चार भिंतींत कोंडायचे कशासाठी?

भारताच्या बाजूचेही पाहून ठेवले. अनिवासी असताना घेतलेली परदेशातली मालमत्ता परत गेल्यावरही ठेवता येते, पण सामान्य निवासी झाल्यावर ती दर वर्षी आयकर विवरणात दाखवावी लागते. हे विसरणाऱ्यांना मोठा दंड बसतो.

मे महिन्यात आम्ही मालकांना नाही कळवले आणि त्याच घराचे भाडे आणखी दोन वर्षांसाठी आगाऊ दिले. यात एक गोष्ट महत्त्वाची होती. इथल्या दिवाणी संहितेच्या 1576 व्या कलमाप्रमाणे घर विकले गेले तरी आधीचा भाडेकरार मोडत नाही. आम्ही करार नोटरीसमोर लेखी केला, त्यात तीन अटी घातल्या: तळमजल्यावरचे विजेचे सगळे पॉइंट छातीच्या उंचीवर घ्यायचे, तळमजल्याची वीज स्वतंत्र बंद करता यावी, आणि मागच्या गटाराला उलटे पाणी अडवणारी झडप बसवायची. मालकांना खर्च आला साधारण एका महिन्याच्या भाड्याचा. पुण्याचा फ्लॅट विकला नाही. बचतीचा एक भाग भारतातल्या अनिवासींच्या एनआरई ठेवीत गेला, जिथले व्याज भारतात करमुक्त आहे. इथल्या खर्चापुरता भाग इथल्या बँकेत, ठेव विम्याच्या 2 अब्ज रुपियांच्या मर्यादेत. व्याजावर 20 टक्के कर कापला जातो, तरी हाती उरते ते फ्लॅटच्या भाड्याहून जास्त. काही रक्कम माहेरच्या घराचे जोते उंच करायला पाठवली.

ऑगस्टमध्ये घर विकले गेले. घेणारे कुटुंब सुमात्रातल्या मेदान शहरातून आलेले, नवरा-बायको आणि म्हातारी आई. आमचा करार त्यांनी वाचला आणि मान्य केला. संपल्यावर राहायला येणार म्हणाले. दलाल त्यांना मॉल किती मिनिटांवर आहे ते सांगत होता. म्हाताऱ्या आईंनी त्याला मध्येच थांबवले, कुंपणाशी आल्या आणि चीचीला विचारले, "2007 ला कुठपर्यंत होते?"

चीची वाकून दरवाज्यातून बाहेर आली. तिच्या ओसरीच्या खांबावर तीन रेघा आहेत, वर्षे खिळ्याने कोरलेली. सगळ्यात वरच्या रेघेवर तिने तळहात टेकवला. आईंनी पर्स उघडून टेप काढली.